मूठभर गोळ्या आणि एक कागद

प्रश्न : माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसवला. मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइड आधीपासूनच आहे. आता दिवसाला दहा-अकरा गोळ्या होतात आणि सकाळच्या सगळ्या ते नाश्त्यानंतर एका मुठीत घेतात. मोठ्या गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून सासूबाई त्या खलबत्त्यात कुटून देतात. मागच्या आठवड्यात एकदा रात्रीच्या गोळ्या राहिल्या, त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळ्यांबरोबर दिल्या, तर दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला आणि हातपाय गळाले. परवा सहज पाकिटं वाचली तेव्हा दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत ‘टेल्मिसार्टन’ हेच दिसलं. गुडघा दुखला की जुनी दुखण्यावरची गोळी ते आपल्या मनानं घेतात. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. हे सगळं नीट कसं बसवायचं? सगळ्या पाकिटांवरची नावं सोबत लिहिली आहेत.

उत्तर : नावं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. नुसतं ‘बीपीची पांढरी आणि शुगरची पिवळी’ असं लिहिलं असतंत तर काहीच सांगता आलं नसतं. कंपनी बदलली की रंग बदलतो, आकार बदलतो, आतलं औषध तेच राहतं. तुमच्या घरात नेमकं हेच झालेलं दिसतंय.

दोन गोष्टी आजच फोन करून मिटवा, बाकीचं सावकाश बसवता येईल. पहिली टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या औषधाची. जुन्या पाकिटात टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आहे आणि नव्या पाकिटात टेल्मिसार्टन ४० अधिक अम्लोडिपिन ५, म्हणजे रक्तदाबाचंच दुसरं औषध. बहुधा जुनी गोळी बंद करून तिच्या जागी ही जोडगोळी दिली असावी, आणि जुनी घरात शिल्लक होती म्हणून चालूच राहिली. पण टेल्मिसार्टन ८० पर्यंतही दिलं जातं, तेव्हा ते मुद्दाम दिलेलंही असू शकतं. डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर फक्त जोडगोळी असेल तर शंका पक्की. तरी आपण ठरवून एखादी बंद करू नका. पुढच्या वेळेच्या आत डॉक्टरांना दोन्ही नावं वाचून दाखवा आणि बसून मोजलेला व उभं राहिल्यावर मोजलेला, असा दोन्ही रक्तदाब सांगा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तेही सांगा. चक्कर येऊन पडले किंवा शुद्ध हरपली तर फोनवर वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट त्या घामाची. सकाळसारखीच रात्रीच्या गोळ्यांतही मधुमेहाची, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची जोडगोळी आहे, म्हणजे त्या सकाळी ग्लिमेपिराइड दुप्पट गेलं. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. घाम आणि गळाठा ही साखर उतरल्याची खूण असू शकते. त्यातून मेटोप्रोलॉल हे नाडी मंद ठेवणारं हृदयाचं औषध चालू असलेल्या माणसाला साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर नीट जाणवत नाही, घाम मात्र सुटतो. म्हणून त्यांच्या बाबतीत अवेळी आलेला घाम कधीही ‘उकडत असेल’ म्हणून सोडून देऊ नका. ग्लुकोमीटरवर साखर ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशी नसेल पण लक्षणं तीच असतील, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच द्या, आणि सावरले की काहीतरी खायला द्या. शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. ग्लिमेपिराइडमुळे उतरलेली साखर वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून ते सावरले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवं. मागच्या आठवड्याचं कळवलं नसेल तर आज त्याच फोनमध्ये सांगा, मात्रा कदाचित कमी करावी लागेल.

आता राहिलेल्या गोळीचा नियम. गोळी राहिली हे लक्षात आलं तेव्हा दोन वेळांच्या मध्याच्या अलीकडे असाल तर घ्यायची, पलीकडे गेला असाल तर ती सोडून द्यायची आणि पुढची ठरल्या वेळी एकच घ्यायची. सकाळी ८ ला दिवसातून एकदाची गोळी असेल तर संध्याकाळपर्यंत घेता येते, रात्री आठवली तर नाही. दोन वेळची असेल तर दुपारी दोनपर्यंत. दोन मात्रा मिळून एक मात्रा कधीही करायची नाही. ग्लिमेपिराइडला हा मध्याचा नियमही लावू नका. ती जेवणाला बांधलेली गोळी आहे, ते जेवण होऊन गेलं की तिची वेळही गेली. जेवणारच नसतील तर ती द्यायची नाही आणि डॉक्टरांना विचारायचं. थायरॉइडची गोळी एखादा दिवस राहिली तर जिवाला घोर लावून घेऊ नका, ते औषध शरीरात कित्येक दिवस टिकतं. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन मात्र चुकवू नयेत अशाच आहेत. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्या दिलेल्या असतात. दात काढायचा असला, नाकातून थोडं रक्त आलं, तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवायच्या नाहीत. दुसऱ्या कोणी ‘चार दिवस बंद ठेवा’ म्हटलं तरीही आधी त्यांनाच विचारायचं.

‘घेतली की नाही तेच आठवत नाही’ हा प्रसंग तर रोजचा. अशा वेळी, एरवी कोणी वेगळं सांगितलं नसेल तर, पुन्हा देऊ नका. एक मात्रा चुकण्यापेक्षा तुमच्या सासऱ्यांच्या औषधांत एक मात्रा वाढणं जास्त धोक्याचं आहे. आणि हा प्रसंगच येऊ नये म्हणून कागदावर खूण करायची ती गोळी पाकिटातून काढल्यावर नाही, घशाखाली गेल्यावर. मधल्या अर्ध्या मिनिटात दाराची बेल वाजते आणि गोळी बशीत राहते.

कुटण्याबद्दल सविस्तर लिहावं लागेल, कारण पत्रातली सगळ्यात मोठी चूक आम्हाला हीच वाटते, आणि ती मायेपोटी होते. त्यांच्या यादीतल्या निदान चार गोळ्या कुटायच्या नाहीतच. मेटोप्रोलॉलच्या नावापुढे ‘ईआर’ आहे. म्हणजे २४ तासांचं औषध त्या गोळीत अशा तऱ्हेनं बांधलंय की ते थोडं थोडं सुटावं. कुटली की दिवसभराचं औषध तासाभरात रक्तात उतरतं, नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो, आणि रात्री-पहाटे अंगात औषधच उरत नाही. मधुमेहाच्या जोडगोळीवर ‘एसआर’ आहे, तिचंही तसंच. अ‍ॅस्पिरिनवर आवरण आहे ते गोळी जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावी म्हणून, ते फोडलं की औषध थेट जठराच्या अस्तराला लागतं. पँटोप्राझोलची, म्हणजे पित्ताच्या गोळीची, गत उलटी आहे. तिथं आवरण औषधाला जठरातल्या आम्लापासून वाचवतं, कुटली तर औषध वाटेतच नासतं आणि गोळी घेऊन न घेतल्यासारखी होते.

पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर, ईसी अशी अक्षरं असतील तर ती गोळी फोडायची नाही, चावायची नाही. मेटोप्रोलॉल ईआरच्या काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते. ती रेघेवर अर्धी करता येते, अर्धी तशीच गिळायची, कुटायची नाही. पण रेघ दिसली म्हणून प्रत्येक गोळी अर्धी करू नका, फार्मासिस्टला विचारा. (मेटफॉर्मिन एसआर घेणाऱ्यांना कधी कधी शौचात गोळीसारखं काहीतरी दिसतं. ते रिकामं टरफल असतं, औषध आत शोषलं गेलेलं असतं. त्यावरून ‘गोळी पचत नाही, कुटूनच देऊ’ असं ठरवू नका.)

मग गिळायची कशी? ताठ बसवून, आडवं टेकवून नाही. आधी दोन घोट पाणी पिऊन घसा ओला करायचा. गोळी जिभेवर ठेवून मोठा घोट घ्यायचा आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचा. आपल्याला डोकं मागे टाकायची सवय असते, पण त्यानं गिळणं अवघड होतं आणि ठसका लागायची भीती वाढते. कॅप्सूल तर पाण्यावर तरंगते, मान पुढे झुकवली की ती आपोआप घशाच्या बाजूला येते. नंतर एकूण पेलाभर पाणी जायला हवं, आणि दहा-पंधरा मिनिटं आडवं व्हायचं नाही. कोरड्या घशातून घेतलेली गोळी अन्ननलिकेत चिकटून तिथं जखम करू शकते. एका वेळी एकच गोळी. एवढं करूनही जमत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. बऱ्याच औषधांना लहान गोळी, विरघळणारी गोळी किंवा पातळ औषधाचा पर्याय असतो, आणि साधी, आवरण नसलेली कोणती गोळी कुटलेली चालेल तेही ते सांगतील. मात्र साध्या पाण्यानंही ठसका लागत असेल, आवाज ओला-घोगरा होत असेल, तर अडचण गोळीची नाही, गिळण्याची आहे. ती तपासून घ्यायला हवी.

आता सकाळची मूठ सोडवू. उठल्या उठल्या अनशापोटी थायरॉइडची गोळी, फक्त साध्या पाण्याबरोबर. चहा-कॉफी, दूध नंतर. अर्ध्या तासानं पँटोप्राझोल. त्यानंतर अर्ध्या तासानं नाश्ता. मधुमेहाची जोडगोळी नाश्त्याचं ताट समोर आल्यावर, त्याआधी नाही. नाश्ता झाल्यावर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉल आणि डॉक्टर कायम ठेवतील ती एक रक्तदाबाची गोळी. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. ते थायरॉइडच्या गोळीपासून निदान चार तास लांब हवं, कारण कॅल्शियम तिला आतड्यात धरून ठेवतं आणि ती रक्तात पोचतच नाही. लोहाच्या गोळीचंही तसंच. आजवर सगळं एकत्र जात होतं, त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे बिघडलेले असतील तर नवल नाही. आणि आता वेळा बदलल्यावर तीच मात्रा जास्त लागू पडू शकते, म्हणून वेळ बदलल्याचं डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. रात्रीच्या जेवणाबरोबर मधुमेहाची जोडगोळी दुसऱ्यांदा, झोपताना कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. ही शेवटची खरं तर दिवसात केव्हाही चालते, पण रोज एकाच वेळी घेतली की लक्षात राहते.

पँटोप्राझोल संपली तर ‘पित्ताचीच ना’ म्हणून घरातली ओमेप्राझोल देऊ नका. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलची धार बोथट करतात. यकृतात ज्या विकरामुळे क्लोपिडोग्रेल कामाला लागतं, त्यालाच ती अडवतात.

हे सगळं डोक्यात ठेवायचं नाही, कागदावर ठेवायचं. एकच कागद, मोठ्या अक्षरात, भिंतीवर. प्रत्येक ओळीत मूळ औषधाचं नाव (कंपनीनं दिलेलं नाव कंसात), मात्रा, कशासाठी, किती वाजता आणि कोणत्या डॉक्टरांनी दिली. मात्रा एककासकट लिहा. थायरॉइडची ५० ही मायक्रोग्रॅम आहे, मिलिग्रॅम नव्हे. तळाशी वेगळ्या शाईत ‘बंद केलेली औषधं’ आणि बंद केल्याची तारीख. ही खालची यादी कोणीच करत नाही, आणि तुमच्या टेल्मिसार्टनसारख्या भानगडी तिच्यावाचूनच होतात. बंद झालेलं औषध घरात ठेवूच नये. शिल्लक पाकिटं औषधाच्या दुकानात परत घेतात का विचारा. घेत नसतील तर गोळ्या पाकिटातून काढून, कोणी खाणार नाही अशा ओल्या केरात मिसळून, बंद पिशवीतून टाका. नवीन पाकीट घरात आलं की सगळ्यात आधी ते कागदाशी पडताळायचं, मूळ नाव वाचून. डॉक्टरकडे जाताना कागदाबरोबर पाकिटंही पिशवीत घालून न्या, दुखण्यावरची आणि आपल्या मनानं घेतलेली सगळी.

सात दिवसांच्या खणांची डबी घ्याच, पण ती एकाच माणसानं, आठवड्यातून एकदा, उजेडात, कागद समोर ठेवून भरावी. पाकीट कात्रीनं कापून एकेक चौकोन डबीत टाकू नका. वयस्कर माणसं वेष्टनासकट गोळी गिळतात, आणि त्या चौकोनाचे धारदार कोपरे अन्ननलिका फाडतात. कापल्यानं नाव आणि मुदतही जाते ती वेगळीच. गरज पडेल तेव्हाची गोळी आणि आठवड्यातून एकदाचं औषध डबीत नको. त्यांना ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल आठवड्यातून एकदा आहे, कागदावर ‘दर रविवारी’ असं वाराचं नाव घालूनच लिहा. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती मूळ वेष्टनातच, आणि कुठं ठेवली आहे ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

गुडघ्याची जुनी गोळी म्हणजे डायक्लोफेनॅक. ती आजच घरातून काढा. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जोडीला ती गेली की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो, टेल्मिसार्टनबरोबर मूत्रपिंडावर ताण येतो, आणि हृदयविकार असलेल्यांनी ती टाळायचीच असते. शौच डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका, दाखवायला न्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं का ते डॉक्टरांना विचारा. बहुधा हो म्हणतील. प्रौढांना एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन मात्रांत निदान चार तास, आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वय जास्त असेल, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहून खाली. सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते याच हिशेबात धरायचं. जास्त झालं तर पहिल्या दिवशी काहीच वाटत नाही, यकृताची हानी मात्र सुरू झालेली असते. उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो, म्हणून ‘बरं वाटतंय, उद्या बघू’ चालत नाही.

मुलीबद्दल. ग्लिमेपिराइडची एक गोळी पाच वर्षांच्या मुलाची साखर धोक्याइतकी उतरवू शकते, आणि खणांची डबी मूल खेळण्यासारखी उघडतं. डबी, पाकिटं, आजोबांची प्रवासाची पिशवी, सगळं उंचावर आणि कुलपात. तिला औषध देताना ‘गोळी म्हणजे खाऊ’ असं म्हणू नका. तिच्या तापाच्या औषधाची मात्रा वयावर नाही, वजनावर काढतात. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८ किलोला १८० ते २७० मिलिग्रॅम एका वेळी. ते किती मिलिलिटर, हे बाटलीवर अवलंबून. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेली बाटली वेगळी, २५० असलेली वेगळी, आणि तान्ह्या बाळांचे थेंब तर एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका, दोन चमचे कधी सारख्या मापाचे नसतात. सुई नसलेल्या सिरिंजनं मोजा, रेघ डोळ्यांसमोर धरून.

ठेवायची जागा कोरडी, सावलीची. न्हाणीघर नाही, शेगडीवरचं फडताळ नाही. सांगितल्याशिवाय फ्रिजही नाही, तिथल्या दमटपणानं गोळ्या बिघडतात.

शेवटी कागदाची मागची बाजू कोरी ठेवा, ती पुढच्या भेटीत भरायची आहे. उलट्या-जुलाब किंवा कडक ताप येऊन खाणं-पिणं तुटलं तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात आणि ग्लिमेपिराइडनं साखर उतरते. त्याचबरोबर कोणत्या गोळ्या त्या दिवसांतही सोडायच्या नाहीत तेही विचारा. क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन आणि मेटोप्रोलॉल ही तीन नावं स्वतःहून घेऊन विचारा, कारण मेटोप्रोलॉल एकाएकी सोडल्यानं छातीत दुखणं उसळून येऊ शकतं. त्याखाली डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर लिहा, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या आकड्यांत.